तक्रार करणाऱ्यावरच आरोप

दहा-पंधरा वर्षे चाललेल्या पेट्रोल गाडीचे एक दुखणे गॅरेजवाल्यांच्या रोजच्या ओळखीचे असते. सिग्नलला थांबले की इंजिन थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही, अॅव्हरेज पडते आणि एक दिवस चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की दोन कोड निघतात. पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. आणि पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पुढे काय होणार हे बहुतेक वेळा ठरलेले असते. ‘पेट्रोल कमी’ ही खबर ऑक्सिजन सेन्सरने दिलेली, सेन्सर गाडीइतकाच जुना, तेव्हा तो बदलून टाकू. काही हजार रुपये जातात, कोड पुसला जातो, दिवा विझतो आणि थोड्या दिवसांनी पुन्हा लागतो. पोलीस चौकीत तक्रार नोंदवायला आलेल्या माणसालाच कोठडीत बसवावे, तसा हा प्रकार आहे. कोडमधून कळते ते एवढेच की तक्रार काय आहे आणि ती कोणाकडून आली. दोष कुठे आहे, हे पुराव्यावरून काढावे लागते, आणि मिसिंग व सेन्सर यांच्या तक्रारी एकत्र आल्या तर तपास मिसिंगपासून सुरू करावा लागतो. याला कारण आहे, आणि ते सेन्सरच्या घडणीतच आहे.

हा सेन्सर एक्झॉस्टच्या पाइपात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला असतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया या सिरॅमिकची छोटी पोकळ टोपी असते. तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा सच्छिद्र लेप दिलेला असतो. बाहेरून इंजिनचा धूर लागतो, आतल्या पोकळीत साधी हवा असते. झिर्कोनियात थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळून ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवले, की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, त्यानुसार व्होल्टेज तयार होते. या व्होल्टेजचे सूत्र जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्येच मांडले होते. पुढे त्यांनी याच जातीच्या सिरॅमिकपासून विजेचा दिवाही केला. तो दिवा मागे पडला, सिरॅमिक मात्र १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या व्होल्वोच्या गाड्यांतून, बॉशच्या सेन्सरच्या रूपाने, रस्त्यावर आले.

पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल याहून जास्त झाले तर धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरतच नाही आणि सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो. पेट्रोल कमी पडले तर ऑक्सिजन उरतो आणि आकडा ०.१ च्या आसपास किंवा त्याखाली जातो. यातली खोच अशी की धुरात ऑक्सिजन १ टक्का असो वा ५ टक्के, नेर्न्स्टच्या सूत्राने येणारे उत्तर दोन्ही वेळा ०.१ व्होल्टच्या आतच असते. म्हणजे जुन्या पद्धतीच्या या सेन्सरला ‘ऑक्सिजन उरला’ आणि ‘नाही उरला’ एवढेच सांगता येते. किती उरला आणि कुठून आला, हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. नव्या गाड्यांतल्या वाइडबँड सेन्सरला किती उरला हे कळते. कुठून आला हे त्यालाही कळत नाही.

आता मिसिंगकडे येऊ. चार सिलिंडरचे इंजिन स्लोला ७५० आरपीएमवर चालते तेव्हा सेकंदाला २५ स्फोट होतात, दर ४० मिलिसेकंदांनी एक. त्यातला एक सिलिंडर पेटलाच नाही, तर त्याने ओढलेली हवा ऑक्सिजनसकट जशीच्या तशी पाइपात येते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के; चारातला एक सिलिंडर पूर्ण मेला तर धुरात सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन होतो. न जळलेले पेट्रोलही सोबत बाहेर पडते, पण सेन्सर ते मोजत नाही. त्यातले थोडेफार प्लॅटिनमवर जळत असले तरी ऑक्सिजन भरपूर उरतो. सेन्सर सांगतो, ऑक्सिजन उरला. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्याचा अर्थ लावतो, पेट्रोल कमी पडले, आणि चारही सिलिंडरना पेट्रोल वाढवतो. ज्या तिघांचे काम नीट चालले होते त्यांना उगाच जास्त पेट्रोल मिळते, त्यांचे प्लग काळे पडतात, अॅव्हरेज आणखी घसरते. स्क्रीनवर ‘पेट्रोल कमी’ आणि सायलेन्सरला पेट्रोलचा वास, हा विरोधाभास इथून येतो. यात सेन्सर तसूभरही चुकलेला नसतो.

चारही प्लग काढून ओळीने मांडले की यातले बरेचसे डोळ्यांना दिसते. तीन काळपट आणि कोरडे, एक पेट्रोलने ओला, असे दिसले तर ओल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगी बहुधा पोहोचत नाही. तो एक कोरडा आणि स्वच्छ असेल तर पेट्रोलच येत नाही; मग इंजेक्टर किंवा त्याची वायर पाहायची. (काही गाड्यांत मिसिंग लक्षात येताच ईसीयू त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद करतो, म्हणून ही तपासणी गाडी चालू केल्यानंतर लगेच करावी.) प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावायची. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल, आणि तरीही नाहीच तर कम्प्रेशन. बऱ्याच जुन्या गाड्यांत एकच कॉइल पहिल्या-चौथ्याला आणि दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याला ठिणगी देते. तिथे १ आणि ४ एकदम मिसिंग करू लागले तर संशयाचे उत्तर जवळपास हातात असते. नंतर सीएनजी किट बसवलेली गाडी पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग करत असेल, तर पहिला संशय प्लग-कॉइलवर घ्यावा, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते.

मिसिंगच्या कोडवर आधी विश्वास ठेवायचा आणि पी०१७१ वर नंतर, हे कोणत्या आधारावर? मिसिंग पकडण्यात ऑक्सिजन सेन्सरचा हात नसतो, हा आधार. सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला धक्का मिळून तो किंचित वेग घेतो. पेटला नाही तर किंचित मंदावतो. क्रँक सेन्सर हा चढउतार टिपतो आणि कोणत्या सिलिंडरच्या पाळीला तो झाला, हे ईसीयू ओळखतो. हा वेगळ्या जागी, वेगळ्या तत्त्वावर चालणारा मोजणीदार आहे. तोही फसतो, खड्ड्यांतून चाके आपटली तरी क्रँकचा वेग हलतो, आणि आपल्या रस्त्यांची कीर्ती पाहता हे लक्षात ठेवलेले बरे. म्हणून गाडी उभी असताना मिसिंगची मोजणी वाढते का, हे पाहावे. पण क्रँक सेन्सरच्या नोंदीतून ऑक्सिजन सेन्सरची तक्रार आपोआप उलगडते, उलट दिशेने ती उलगडत नाही. दोन कोडांपैकी मूळ कोणते, हे ठरवायला एवढे बहुतेक वेळा पुरते.

बहुतेक वेळा म्हणायचे कारण एक रास्त आक्षेप. खराब सेन्सरमुळे मिसिंग होऊच शकत नाही का? होऊ शकते. सेन्सर मरून सतत ०.१ व्होल्टवर अडकला, तर ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो, प्लगवर काजळी साचते आणि ठिणगी कमजोर होते. पण त्या वेळी एकच सिलिंडर ओला न निघता चारही प्लग सारखेच काळे निघतात, आणि कोड बहुधा पी०३०० असतो, म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये होणारे मिसिंग. आणखी एक पुरावा सकाळी मिळतो. थंड गाडी सुरू केल्यावर सेन्सर तापेपर्यंत ईसीयू त्याचे ऐकतच नाही, ठरलेल्या मापाने पेट्रोल देतो. त्या अवधीत मिसिंग होत असेल तर ते त्या क्षणीच्या सेन्सरचे काम असू शकत नाही. इथे एक पळवाट मात्र आहे. ईसीयूने आधी शिकून ठेवलेली दुरुस्ती, म्हणजे लाँग टर्म फ्युएल ट्रिम, बऱ्याच गाड्यांत थंडपणीही लागू राहते, आणि काजळलेले प्लग रात्रीतून स्वच्छ होत नाहीत. म्हणून स्कॅनरने जुनी दुरुस्ती पुसून, प्लग साफ करून मगच ही परीक्षा घ्यावी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: सेन्सर दीड लाख किलोमीटर चालला, कधीतरी बदलायचाच होता, आता बदलला तर बिघडले काय? सेन्सर म्हातारे होतात हे खरे. जळणाऱ्या इंजिन ऑइलमधले फॉस्फरस, गॅस्केटला भसाभसा लावलेले सिलिकॉन, धुरात झिरपलेले कूलंट, हे सगळे प्लॅटिनमवर थर चढवतात आणि सेन्सर सुस्त होतो. पण याच कारणासाठी त्याचा नंबर शेवटी लावायचा असतो. ऑइल जळत असेल तर नव्या सेन्सरच्या नशिबीही तोच थर येणार. शिवाय सेन्सर खरोखर सुस्त आहे का, हे न बदलता कळते. गरम इंजिन चालू असताना इनटेकमध्ये जरासा गॅस सोडला की व्होल्टेज ताबडतोब ०.८ च्या वर उडायला हवे. एखादा व्हॅक्यूम पाइप काढला की तितक्याच झटक्यात ०.२ च्या खाली यायला हवे. दोन्ही उड्या चपळ असतील तर सेन्सर खरे बोलतो आहे, मग ‘पेट्रोल कमी’ कशाने झाले ते शोधायचे. त्याचा माग फ्युएल ट्रिममध्ये असतो. दुरुस्ती स्लोला +२० टक्के आणि २५०० आरपीएमला +५ वर येत असेल तर कुठेतरी फाटक्या पाइपातून हवा शिरते आहे. स्लोला ठीक आणि जोर लावल्यावर वाढत असेल तर पेट्रोल पंप किंवा फिल्टर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बारीक तडा असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि निर्दोष इंजिनातही सेन्सर ‘ऑक्सिजन उरला’ म्हणतो.

या हिशोबात आता पेट्रोलच बदलले आहे. २०२५ पासून देशातल्या बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते, १४.७ चे प्रमाण ई२० साठी १३.५ च्या आसपास येते. सेन्सर उरलेला ऑक्सिजन पाहत असल्यामुळे ईसीयू हा फरक स्वतःहून भरून काढतो. ई१० च्या तुलनेत सुमारे ४ टक्के पेट्रोल वाढवले की झाले. मात्र ज्या जुन्या गाडीत हवेच्या गळतीमुळे दुरुस्ती आधीच +२० वर टेकली होती, तिथे हे ४ टक्के तिला मर्यादेपाशी नेऊन ठेवतात आणि दिवा लागतो. दोष ई२० च्या नावावर जातो, फाटका पाइप तसाच राहतो. रबर आणि सीलवर इथेनॉलचा काय परिणाम होतो, हा प्रश्न वेगळा आणि खरा आहे, पण तो या कोडमधून सुटत नाही.

स्कॅनर नसेल तर पीयूसीची पावतीही थोडेफार सांगते. कार्बन मोनॉक्साइड वाढला म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. हायड्रोकार्बन भरमसाठ आणि कार्बन मोनॉक्साइड बेताचा, म्हणजे पेट्रोल न पेटताच बाहेर येते आहे. दोन्ही वाढलेले असतील तर मिसिंग आणि त्यावर ईसीयूने केलेली भर, अशी जोडी शोधावी, किंवा कन्व्हर्टरच संपलेला असेल. चेक इंजिनचा दिवा नुसता न लागता लुकलुकू लागला तर वेळ फार उरलेला नसतो: कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. सेन्सरपेक्षा ती कितीतरी महाग. गाडी गॅरेजपर्यंत नेण्यावाचून गत्यंतर नसेल तर मिसिंग करणाऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचे सॉकेट काढून ठेवावे. गाडी थरथरत, तीन सिलिंडरवर, हळूहळू पोहोचेल. वाटेत ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल कमी असल्याचे सांगत राहील, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.