अणू व त्याचे घटककण : साम्य आणि भेद

मोखाडा तालुका ज्या पालघर जिल्ह्यात मोडतो, त्याच जिल्ह्यातील तारापूरच्या अणुभट्ट्यांच्या आधारे अणू व त्याचे घटककण यांतील साम्यभेद स्पष्ट करता येतात.

प्रोटॉन धनप्रभारित, इलेक्ट्रॉन तितकाच ऋणप्रभारित, तर न्यूट्रॉन प्रभाररहित असतो. मूलद्रव्य कोणते, हे प्रोटॉनसंख्येवरून ठरते. युरेनियमच्या प्रत्येक अणूत ९२ प्रोटॉन असतात. मात्र युरेनियम-२३५ मध्ये १४३, तर युरेनियम-२३८ मध्ये १४६ न्यूट्रॉन असतात. दोहोंचे रासायनिक वर्तन जवळजवळ सारखेच असते. परंतु मंदगती न्यूट्रॉनमुळे विखंडन पावते ते युरेनियम-२३५. नैसर्गिक युरेनियममध्ये त्याचे प्रमाण केवळ ०.७ टक्के आहे.

तारापूरच्या १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या दोन भट्ट्यांत साधे पाणी वापरले जाते. ते न्यूट्रॉन मंद करते, तसेच काही शोषूनही घेते. म्हणून तेथे समृद्ध युरेनियम लागते. ते अमेरिकेकडून येत असे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर हा पुरवठा अडचणीत आला.

२००५-०६ मधील दोन भट्ट्यांत जड पाणी आहे. त्यातील हायड्रोजनच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन अधिक असल्याने न्यूट्रॉनचे शोषण अत्यल्प होते व नैसर्गिक युरेनियम पुरते. तात्पर्य, केंद्रकातील एका न्यूट्रॉनच्या भेदाने समृद्ध इंधनासाठीचे परावलंबन टळते.