'तासात' आणि 'तासावर' : नागपूर-मुंबई अंतराविषयी एक टिपण

अंतर सांगताना मराठी भाषक लांबीपेक्षा श्रमाचा व काळाचा हिशेब अधिक मांडतो. 'कोस' हा शब्द संस्कृत 'क्रोश' यापासून आलेला आहे. हाक ऐकू जाईल तेवढे अंतर हा त्याचा मूळ आशय. 'मजल' अरबीतून आली; मुक्काम व मुक्कामापर्यंतची वाट, दोन्ही तिच्यात येतात. तेव्हा 'मुंबई दीड तासावर आहे' ही रचना विमानाने मराठीस शिकविली असे नव्हे. विचार करावयाचा तो तीतील '-वर'चा.

'विमान दीड तासात मुंबईस पोहोचते' आणि 'मुंबई दीड तासावर आहे' ही वाक्ये समानार्थी भासतात. ती तशी नाहीत. '-त' क्रियेस लागणारा काळ सांगतो, '-वर' स्थळाचे स्थान सांगतो. दुसऱ्या वाक्यात गतिवाचक क्रियापदच नाही. वाहन कोणते व निघावयाचे कोठून, हे श्रोत्याने गृहीत धरावयाचे असते. पायी अथवा बैलगाडीने प्रवास होई तेव्हा सर्वांची गती थोड्याफार फरकाने सारखी असल्यामुळे हे गृहीत फारसे अडत नसे.

आता आकडे पाहू. नागपूर व मुंबई या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते एका तासाच्या आत कापले जावे. वेळापत्रकात मात्र साधारण दीड तास असतो. याचे कारण, तो वेळ विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत मोजला जातो. शिवाय हिवाळ्यात वरच्या थरांत वारे पश्चिमेकडून वाहतात. मुंबईकडे जाणारे विमान त्यांस सामोरे जाते, येणाऱ्यास त्यांचे साहाय्य होते. अंतर एकच, काळ दोन. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. त्या काळच्या डाकोटा विमानास हेच अंतर कापण्यास अडीच तासांच्या आसपास लागावेत.

वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेतील प्रवाशाची गोष्ट निराळी. त्याच्या गावापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ६२५ किलोमीटर, म्हणजे नागपूरपेक्षा जवळच. परंतु विमान गाठावयाचे तर त्यास मुंबईकडे पाठ फिरवून रस्त्याने सुमारे ७५ किलोमीटर ईशान्येस जावे लागते. दीड-दोन तास त्यात गेले, तपासणीसाठी तासाहून अधिक थांबणे झाले, की मुंबईत उतरेपर्यंत पाच तास होतात. रात्रीच्या रेल्वेगाडीपेक्षा हे कमीच आहे. विमानाचा लाभ खोटा नाही. खोटे ठरते ते 'विदर्भातून मुंबई दीड तासावर' हे विधान, कारण त्यात विमानतळाचे दार हेच साऱ्या विदर्भाचे आरंभस्थान मानलेले असते.

शेवटचे टोकही असेच सरकते. जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाविषयी 'मुंबई आठ तासांवर आली' असे म्हटले जाते. हा मार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो. परंतु तो संपतो भिवंडी तालुक्यातील आमणे येथे. आमण्यापासून पुढे दादर वा फोर्ट किती 'तासांवर' आहे, हे त्या दिवसाच्या वाहनांच्या गर्दीवर ठरते.