ऑटो आतला की बाहेरचा?

नागपुरात एका लघुपटाची तयारी चालली होती. मंडळी बर्डीवरच्या एका खोलीत पटकथा वाचायला बसली होती. बाप-लेक वर्धा रोडनं स्टेशनला निघालेत, एवढाच सीन. वर हेडिंग होतं, ‘अंतर्गत. ऑटो – दिवस.’ प्रॉडक्शनच्या पोरानं ‘अंतर्गत’ वाचलं आणि सीन पावसासाठी राखून ठेवला. युनिटची रीतच तशी असते. आभाळ भरून आलं की बाहेरचं काम थांबवायचं आणि आतले सीन उरकायचे. ज्यांचा ऑटो ठरवला होता ते काका दाराशी बसून ऐकत होते. ते म्हणाले, “भाऊ, पाण्यात ऑटो चालवाचा हाय का उभा ठेवाचा? दोन्हीकडून भिजते ना बाप्पा सारं!”

हेडिंग तिथल्या तिथे बदललं: ‘अंत./बाह्य. ऑटो (चालता), वर्धा रोड – दिवस.’

यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी कामाचा असतो. ‘चालता’ वाचून साउंडवाला इंजिनाच्या आवाजाची काळजी करतो आणि सहायक दिग्दर्शक पोलिसांच्या परवानगीमागे लागतो. ‘वर्धा रोड’ दिसला की कॅमेरामन विचारतो, डबल डेकर उड्डाणपुलाखालून जायचंय का? खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, असा तो 3.14 किलोमीटरचा पट्टा. भर दुपारीही तिथे चेहऱ्यावर सावली पडणार. ‘अंत./बाह्य’ या जोडीचा फायदा असा की कॅमेरा आतून बाहेर गेला म्हणून दर वेळी नवं हेडिंग आणि नवा सीन नंबर लागत नाही. नाहीतर दोन मिनिटांच्या गप्पांचे सहा सीन होतात आणि शेड्यूल उगाच फुगतं.

सगळ्यात महाग शब्द मात्र शेवटचा, दिवस की रात्र. रात्र असेल तर गाडी हलवायचीच गरज नसते. गाडी अंधारात उभी करायची, दोघांनी फळीनं हळूहळू हलवायची, आणखी दोघांनी काचेवरून दिवे फिरवायचे. पडद्यावर गाडी धावते. कमी पैशात काम करणारी अनेक युनिट्स या युक्तीवर तगली आहेत. दिवसा ही युक्ती चालत नाही, कारण खिडकीतून रस्ता मागे पळताना दिसावा लागतो. म्हणून लेखकानं ‘दिवस’ लिहिताना त्या सीनला खरंच उजेड हवाय का, हे स्वतःला विचारावं, असं मला कळकळीनं वाटतं.

दुचाकीला आत नसतंच. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’मध्ये शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्रीच्या ओस मुंबईतून मोटरसायकलवर जातो आणि त्याच्या कानात माई या जुन्या गायिकेची शिकवण चालू असते. आवाज सुमित्रा भावेंचा. मराठीतल्या या पटकथेला 2020 साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. दृश्य शंभर टक्के बाह्य, पण ऐकू येतं ते सगळं शरदच्या आतलं. असा सीन लिहिताना ‘बाह्य’ लिहून भागत नाही. आवाज गाडीवरच्या कुणाचा नसून मनात वाजतोय, हे कागदावरच स्पष्ट करावं लागतं.

आणि आपले राजकुमार हिरानी. त्यांच्या वडिलांची नागपुरात टायपिंग इन्स्टिट्यूट होती. जगभरात बहुतेक पटकथा आजही त्याच टाइपरायटरच्या वळणाच्या कुरिअर अक्षरात लिहितात. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशेब त्याच ठरावीक रुंदीच्या अक्षरांवर बसलेला आहे. देवनागरीत तो तितका नेमका बसत नाही. हिरानींच्या ‘थ्री इडियट्स’ (2009) मध्ये तर वाहनांची रांगच आहे. सुरुवात विमानात. तिथे खिडकीबाहेर काय आहे याला महत्त्व नाही, म्हणून मी सरळ ‘अंतर्गत’ लिहीन. पुढे मित्र रँचोच्या शोधात कारनं डोंगरात निघतात. तिथे बाहेरचा डोंगर हाच अर्धा सीन, तेव्हा ‘अंत./बाह्य’. आणि राजूच्या आजारी वडिलांना मधे बसवून रँचो आणि पिया स्कूटरवरून इस्पितळ गाठतात, तिथे फक्त ‘बाह्य’.