आज्ञावलीचे चाचणीशेत

मृगाच्या तोंडावर शेतकरी बियाण्याची पिशवी विकत आणतो. तिच्यावर उगवणशक्तीचा आकडा छापलेला असतो. हा आकडा कोठून येतो?

जालना हे बियाण्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेले शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. बियाणे बाजारात जाण्यापूर्वी प्रयोगशाळेत त्याचे ४०० दाणे, १००-१०० च्या गटांत, ओल्या कागदात किंवा वाळूत ठेवतात. तापमान व ओलावा ठरलेला असतो. पण उगवलेले रोप हव्या त्याच वाणाचे आहे की नाही, हे नुसत्या अंकुरावरून ओळखणे कठीण. म्हणून नमुना शेतात पेरून वाढवतात आणि शेजारीच त्या वाणाचा खात्रीचा नमुना पेरून दोन्हींची तुलना करतात. यासाठी जमीन, पाणी, माणसे आणि एक हंगाम आधीच राखून ठेवावा लागतो.

संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे, असेच आहे. तिची चाचणी घ्यायची तर आधी चाचणीचे ‘शेत’ तयार हवे. ते कसे आखतात, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील विद्यार्थ्यांना परीक्षेचा निकाल दाखवणारी एक आज्ञावली तयार झाली आहे. तिच्या चाचणीसाठी काय काय लागेल?

पहिली गरज वेगळ्या संगणकाची. खऱ्या निकालाच्या संगणकावरच चाचणी घेतली, तर चाचणीसाठी भरलेले गुण खऱ्या गुणांत मिसळतील. मात्र हा वेगळा संगणक खऱ्यासारखाच हवा. नाही तर एकावर चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडेल. निकाल पाहणाऱ्यांकडे जुने फोन असतील, नेटवर्क संथ असेल, तर तशीही सोय चाचणीत हवी.

दुसरी गरज नमुना माहितीची. खऱ्या मुलांची माहिती न वापरता काल्पनिक विद्यार्थी तयार करावेत. एकाला शून्य गुण, एकाला पैकीच्या पैकी, एक गैरहजर, एकीचे नाव ‘ज्योत्स्ना’सारखे जोडाक्षरांचे. कोणी चुकून १०० पैकी १०१ गुण भरले तर काय होते, तेही पाहावे.

तिसरी गरज गर्दीची. निकालाच्या दिवशी पहिल्या १० मिनिटांत १२,००० जण निकाल पाहतील असे धरले, तर सेकंदाला सरासरी २० मागण्या येतील. सुरुवातीच्या क्षणी त्याहूनही जास्त. एवढी माणसे चाचणीला जमवता येत नाहीत. म्हणून तेवढ्या मागण्या पाठवणारा आणखी एक संगणक लागतो.

चौथी गोष्ट वेळेची. ५०० चाचण्या आणि प्रत्येकीला २ मिनिटे म्हणजे १,००० मिनिटे, अर्थात १६ तास ४० मिनिटे. चार संगणकांवर त्या वाटून दिल्या तर ४ तास १० मिनिटांत आटोपतील. एक चूक दुरुस्त करताना दुसरी होऊ शकते, म्हणून दुरुस्तीनंतर चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. त्यासाठी सारी माहिती दर वेळी पूर्वस्थितीला आणण्याची सोय हवी, आणि काय केले, काय घडले याची नोंदवही हवी.

हा खर्च कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर ४ जून १९९६ रोजी मिळाले. त्या दिवशी युरोपचे ‘एरियान-५’ हे नवे रॉकेट प्रथमच उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याबरोबर चार उपग्रहही गेले. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावली जुन्या ‘एरियान-४’ वरून घेतलेली होती. एका ठिकाणी ती ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या साठवू शकत नव्हती. नव्या रॉकेटचा आडवा वेग फार लवकर वाढला, संख्या मर्यादेबाहेर गेली आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तीच आज्ञावली होती!

चाचणीत हे का कळले नाही? संपूर्ण उड्डाणाची नक्कल करताना ती यंत्रणा प्रत्यक्ष जोडलीच नव्हती. तिच्या जागी तिची नक्कल वापरली होती. खरी यंत्रणा जोडून तिला नव्या उड्डाणाचे आकडे पुरवले असते, तर हा दोष जमिनीवरच सापडला असता, असे चौकशीत दिसून आले. चाचणीचे शेत होते, पण त्यात नेमके जे बियाणे तपासायचे तेच पेरले नव्हते.

आता एक काम तुम्ही करा. शाळेच्या संगणकावर सहा विषयांच्या गुणांवरून शेकडेवारी काढणारी छोटी आज्ञावली लिहा. ती चालवण्यापूर्वी वहीत दहा नमुना विद्यार्थी आणि त्यांची अपेक्षित उत्तरे लिहून काढा. गैरहजर विद्यार्थी विसरू नका. मग दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या मित्राच्या हाती ती द्या आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहा.