पदत्यागानंतरचा पाझ

२ ऑक्टोबर १९६८. आपल्याकडे गांधीजयंती. त्याच दिवशी मेक्सिको सिटीत त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर सरकारने गोळ्या झाडल्या. ऑलिंपिक दहा दिवसांवर आलं होतं आणि पाहुणे यायच्या आत शहर गप्प करायचं होतं. मेक्सिकोचे दिल्लीतले राजदूत ऑक्टाव्हियो पाझ यांनी, या सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहायचं नाही, मला मोकळं करा, असं दोनच दिवसांत कळवलं. १९४५ पासूनची परराष्ट्र खात्यातली नोकरी तिथे संपली.

पाझ आपल्याला कवी म्हणून ठाऊक आहेत, तेही १९९० च्या नोबेलमुळे. पण नोकरी सुटल्यावर त्यांनी जे संपादन केलं आणि चित्रांविषयी जे लिहीत राहिले, त्याची दखल मराठीत फारशी घेतली जात नाही. मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

भारताशी त्यांची ओळख मुंबईतून झाली. नोव्हेंबर १९५१ मध्ये ‘बातोरी’ या पोलिश बोटीतून ते उतरले, ताजमध्ये राहिले आणि घारापुरी पाहून आले. तेव्हा ते साधे दुय्यम अधिकारी होते. राजदूत म्हणून परतले ते १९६२ मध्ये. पुढच्या वर्षी जगदीश स्वामीनाथन आणि मंडळींच्या ‘ग्रुप १८९०’ने दिल्लीत प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला पंडित नेहरू आले, पुस्तिकेची प्रस्तावना पाझ यांनी लिहिली. बारा चित्रकार-शिल्पकारांच्या त्या गटात अकोल्याचे, जे. जे.मध्ये शिकलेले अंबादास होते. १८९० हा भावनगरमधल्या ज्या घरात गट जमला त्याचा क्रमांक. नाव कोणत्याही वादाचं किंवा पंथाचं नको म्हणून निवडलेलं. आज दबदबा असलेली यातली बरीच नावं तेव्हा नवखी होती. परदेशी राजदूताने अशांच्या पाठीशी उभं राहावं, हे शिष्टाचारात बसणारं काम नव्हे. आवडीचंच ते.

ही आवड मेक्सिकोतच घडली होती. तिथे १९२० च्या दशकापासून सरकारने भिंती रंगवायला दिल्या होत्या आणि रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस यांची भित्तिचित्रं म्हणजेच राष्ट्रीय कला, असा दंडक होऊन बसला होता. पाझ यांनी त्या चित्रकारांचं मोठेपण नाकारलं नाही, पण बाजू घेतली रुफिनो तामायोची. तामायो घोषणा रंगवत नव्हता. कलिंगडाच्या फोडी, कुत्री, रात्रीचं आकाश काढत होता. चित्राने इतिहासाचा धडा द्यावा ही अपेक्षाच पाझना खटकायची. पुढे मार्सेल द्युशाँवर त्यांनी पुस्तक लिहिलं, तेही असंच चित्राला प्रश्न विचारत.

इथे थोडं घरचं बोलतो. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची आठवण करून देते, हे आपण पाहुण्यांना हौसेने ऐकवतो. तगर, रोम, व्यापार, सगळं येतं. ती उभी कशी आहे, कोरणाऱ्याने कुठे हात आवरता घेतला, यावर मात्र आपली गाडी अडते. पाझ यांचं लेखन वाचताना ही उणीव जास्त जाणवते.

१९७१ मध्ये ‘एक्सेल्सियर’ या मेक्सिकन दैनिकाने त्यांच्या हाती ‘प्लुराल’ हे मासिक दिलं. कविता, राजकारण, चित्रकला, सगळं एकाच अंकात. पाच वर्षांनी, जुलै १९७६ मध्ये, दैनिकाचे संपादक हूलिओ शेरेर यांना पदावरून काढण्यात आलं. राष्ट्राध्यक्ष एचेव्हेरिया यांच्यावर शेरेर यांनी केलेली टीका त्यांना भोवली, असंच तेव्हा सगळे धरून चालले. हेच एचेव्हेरिया १९६८ मध्ये गृहमंत्री होते. पाझ आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि वर्ष संपायच्या आत त्यांनी ‘व्वेल्ता’ काढलं. यावेळी मालक दुसरा कोणी नव्हता.

त्या नियतकालिकाने डाव्यांचा रोष ओढवून घेतला. सोव्हिएत छावण्या, क्युबा यांवर पाझ स्पष्ट लिहीत, तेव्हा मेक्सिकोतले बरेच लेखक तसं लिहायला तयार नव्हते. पण त्यांना सरसकट सरकारविरोधी वीर करणंही खरं नाही. ऑगस्ट १९९० मध्ये ‘व्वेल्ता’नेच भरवलेल्या, टीव्हीवर दाखवलेल्या परिसंवादात मारिओ व्हार्गास योसा मेक्सिकोच्या सत्तेला ‘परिपूर्ण हुकूमशाही’ म्हणाले. त्याला तिथल्या तिथे हरकत घेतली ती पाझ यांनीच. ही एका पक्षाची मक्तेदारी आहे, हुकूमशाही नव्हे, असा त्यांचा मुद्दा. शास्त्रीय दृष्टीने तो बरोबरही असेल. त्लातेलोल्कोनंतर राजीनामा देणाऱ्या माणसाच्या तोंडी तो ऐकायला विचित्र वाटतो.

भारत त्यांनी सोडला नाही, असं म्हणता येईल. १९६८ मध्ये बोटीत चढण्याआधी ते पत्नी मारी-होसेसह पुन्हा घारापुरीला गेले आणि त्या रविवारावर कविता लिहिली. १९८५ मध्ये दिल्लीत नेहरू व्याख्यान दिलं, आणि त्याच व्याख्यानातून १९९५ चं भारतावरचं पुस्तक वाढलं. एप्रिल १९९८ मध्ये ते गेले, ‘व्वेल्ता’ही त्याच वर्षी थांबलं. वर्षभरात तिथले त्यांचे सहकारी एन्रिके क्राउझे यांनी ‘लेत्रास लिब्रेस’ सुरू केलं. ते अजून निघतं.