कळ एक, अक्षरें दोन

आपल्या मुळशी तालुक्यांतील हिंजवडीच्या कचेऱ्यांत सर्व काम संगणकावर चालतें. तेथील यंत्रावर स्वतःची आज्ञावली बसविण्याची मुभा नोकरास बहुधा नसते. मग ज्याचीं बोटें निराळ्या कळफलकास सरावलीं आहेत, त्यानें काय करावें?

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, कळेवर छापलेलें अक्षर ही केवळ खूण होय. कळ दाबली असतां यंत्रास तिचा क्रमांक कळतो. त्याचें अक्षर कोणतें, हें आंतील कोष्टक ठरवितें. मराठीच्या इन्स्क्रिप्ट कोष्टकांत स्वर व मात्रा डाव्या हाताखालीं आणि बहुतेक व्यंजनें उजव्या हाताखालीं येतात. इंग्रजी 'के'च्या कळेनें 'क' उमटतो, शिफ्टसह 'ख'. इंग्रजीसाठींही १९३६ सालीं पेटंट मिळालेली ड्व्होराकची निराळी मांडणी आहे.

हीं दोन्ही कोष्टकें विंडोजमध्यें मुळांतच असतात; भाषेच्या सेटिंगमधून तीं बहुधा निवडतां येतात. स्वतः रचलेलें कोष्टक बसविण्यास मात्र व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. निवडही बंद असल्यास आडवाट शोधूं नये. कारण सांगून रीतसर परवानगी मागावी.

परवलीचा शब्द लिहिण्यापूर्वीं कोणतें कोष्टक चालू आहे तें पाहावें. नाहीं तर बोटें बरोबर पडूनही शब्द चुकतो. यंत्र सामाइक असल्यास उठतांना कोष्टक पूर्ववत् करावें. आपली सोय ही मागून येणाऱ्याची अडचण होऊं नये, हा धडा वर्गांतील बांकासही लागू आहे.