थंडीने मेला, हे कशावरून?

न्यायवैद्यकाचा नाद मला लागला तो खुनांमुळे नव्हे, गारठून झालेल्या मृत्यूंमुळे. गळफासाचा वळ दिसतो, विष व्हिसेऱ्यात सापडते. थंडीचा माग काढणे अवघड. प्रेत काय, कोणाचेही थंडच पडते. गारठून मेलेल्याच्या अंगावर दिसणारी लालसर-गुलाबी छटा शवागाराच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या कुठल्याही प्रेतावर येऊ शकते. गुडघ्या-कोपरांवरचे जांभळट लाल चट्टे त्यातल्या त्यात उपयोगी, पण ते मुका मार समजले जाण्याची भीती असतेच.

भरवशाची म्हणावी अशी खूण १८९५ साली विश्नेव्स्की नावाच्या एका रशियन जिल्हा डॉक्टरने नोंदवली: जठराच्या आतल्या अस्तरावर काही मिलिमीटरचे काळपट ठिपके, कधी मोजके, कधी शंभरावर. (विश्नेव्स्की मलमवाला प्रसिद्ध सर्जन तो वेगळा; १८९५ मध्ये त्याचे शिक्षणही पुरे झाले नव्हते.) हे ठिपके म्हणजे व्रण, असे पुष्कळ काळ मानले गेले. २००६ मध्ये त्सोकोस आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी दाखवले, की ते बारीक वाहिन्यांतून झिरपून आम्लाने काळवंडलेले रक्त आहे. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. मधुमेहात कीटोन वाढून मेलेल्यांच्या जठरातही असे ठिपके ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना सापडले. उलट, गारठून मेलेल्या प्रत्येकात ते सापडतातच असेही नाही.

मला सर्वांत गुंतवून ठेवले ते १९७९ च्या एका छोट्या शोधनिबंधाने. वेडीन, वांगगार्ड आणि हिर्वोनेन या तिघांनी स्वीडनच्या पोलिसांच्या दफ्तरातून ३३ प्रकरणे काढली. सगळी माणसे गारठून मेलेली, आणि सगळ्यांनी मरण्याआधी स्वतःच कपडे उतरवलेले! बहुतेक प्रकरणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली, पण काही चक्क उन्हाळ्यातली. पुष्कळांच्या अंगात दारू होती. याची कारणमीमांसा अशी करतात: थंडीने त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळून धरलेल्या असतात, शेवटी ती पकड सुटते, कोमट रक्त कातडीकडे धावते आणि आधीच भ्रमिष्ट झालेल्या माणसाला अंगाची आग होते आहे असे वाटते. पोलिसांना मात्र दिसते ते विवस्त्र प्रेत. ते बाईचे असेल तर पहिला संशय बलात्काराचाच.

१९९५ मध्ये रोथशिल्ड आणि श्नायडर या जर्मन संशोधकांनी यात आणखी एक प्रकार जोडला. मरणाच्या दारातली ही माणसे कधी पलंगाखाली शिरतात, कधी कपाटामागे, एखादी फळीवरही. शीतनिद्रेला जाणाऱ्या प्राण्यासारखी ही मेंदूच्या तळातली जुनी प्रेरणा असावी, असा त्यांचा तर्क. घरात घडले तर सामान अस्ताव्यस्त, प्रेत लपवल्यासारखे, अंगावर कपडे नाहीत. दरोडा आणि खून, दोन्ही डोळ्यांसमोर उभे राहतात.

म्हणूनच माझे मत स्पष्ट आहे: या मृत्यूचे निदान शवविच्छेदनाच्या टेबलावर जेवढे होते, त्याहून जास्त प्रेत सापडले त्या जागी होते. इतर कारणे एकेक करून बाद करायची, जठर आणि कीटोन पाहायचे, हे डॉक्टर करतीलच. पण कपडे कुठे आणि कोणत्या क्रमाने पडले होते, जमीन ओली होती का, हवेचे तापमान किती होते, हे पंचनाम्यात लिहिलेले नसेल, तर पुढचा अहवाल कितीही विद्वत्तापूर्ण असो, तो अंदाजच.